वहिनींचा गंधार

भाऊ नेवरेकर आमच्या घरी पहिल्यांदा आले ते आमचा फ्रिज ऐकायला. रावपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत त्यांचं आणि आमचं घर एका भिंतीने जोडलेलं होतं. त्या वर्षांत बडोद्यात घरोघर काही ना काही नवं येत होतं. आमच्याकडे फ्रिज आला. दुसऱ्याच दिवशी भाऊ दारात उभे राहिले, आत येऊन खुर्चीवर बसले, डोळे मिटले आणि म्हणाले, "तुमचा पंखा आणि हे कपाट एकमेकांशी भांडतायत. ऐकू येत नाही तुम्हाला?"

मला काहीच ऐकू येत नव्हतं. भाऊ उठले, फ्रिजचं बटण बंद केलं, पुन्हा बसले आणि समाधानाने चहा प्यायले. ते गेल्यावर बटण चालू करायचं कोणालाच सुचलं नाही. संध्याकाळी आई म्हणाली, "त्यांचा सूर लागला आणि माझं दूध नासलं."

भाऊंना जाऊन आता दोन हिवाळे झाले. त्यांच्याविषयी लिहायचं म्हटलं की आधी हे हसण्यासारखं आठवतं. नंतरचं लिहायला मी बरेच दिवस टाळत होतो.

ते पेट्या दुरुस्त करायचे. वडील संस्थानच्या काळात दरबारच्या वाद्यांची निगा राखत; संस्थान गेलं, वाद्यं काचेच्या कपाटात गेली आणि वडिलांची हत्यारं भाऊंकडे आली. गल्लीपासून मोपेडने पाच मिनिटांवर त्यांचं एका खोलीचं दुकान होतं. शर्टाच्या खिशात पेनशेजारी एक बारीक कानस असायची, त्यामुळे त्यांचे सगळे शर्ट डाव्या खिशाशी फाटलेले. पेटीतल्या पितळी पट्ट्यांना ते नुसतं 'सूर' म्हणत. सूर चढवायचा तर पट्टीचं टोक घासायचं, उतरवायचा तर बूड घासायचं. एकेक सूर काढून कानाशी धरायचे, फुंकायचे, घासायचे, परत फुंकायचे. घासलेल्या पितळेची पूड सकाळी झाडून टाकत.

बोलणं कमी आणि बहुतेक तक्रारीचं. गल्लीतल्या शाळेची घंटा चिरकी झाली आहे, देवळातली झांज कोणीतरी बदलली आहे, शेजारच्या सोनीभाईंना सर्दी होणार आहे कारण त्यांचा आवाज दोन दिवस नाकातून येतो आहे. आणि सोनीभाईंना सर्दी व्हायची. मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात होतो म्हणून ते मला कायम 'ग्रंथपाल' म्हणत. सणाला गल्लीतले लोक जमले की मला एका बाजूला घेऊन सांगत, "ग्रंथपाल, तुम्ही आरतीत नुसते उभे राहा. टाळ्यासुद्धा नकोत." मला त्यांचा राग आला नाही. माझ्या कानाविषयी माझंही तेच मत होतं.

शालिनीवहिनींना मात्र असं बाजूला घेऊन सांगितलं जात नसे. एका गणपतीत, सगळे आरती म्हणत असताना, भाऊंनी बायकोकडे न बघता उजव्या हाताचं बोट वर केलं आणि हलवलं. जरा वर. वहिनी तेव्हा पंचेचाळिशीच्या असतील. त्यानंतर कुठल्याही आरतीत मी त्यांचे फक्त ओठ हलताना पाहिले.

पण त्या गात होत्या, हे मला माहीत होतं. माझी ग्रंथालयातली पाळी दुपारी दोनला सुरू व्हायची, त्यामुळे सकाळी मी घरी वाचत बसलेला असे. दहाला भाऊंची मोपेड गल्लीबाहेर जायची आणि पाव तासाने भिंतीपलीकडून वहिनींचा आवाज सुरू व्हायचा. गोड नव्हता तो. जरा जाड होता, आणि ओळीच्या शेवटी किंचित खाली बसायचा, जिना चढून आलेलं माणूस पायरीवर टेकतं तसा. मधेच भाजीवाल्याची हाक आली की "ऊभा रहो भाई, आवुं छुं" म्हणून त्या जात, आणि परत आल्या की सोडलेल्या शब्दापासून ओळ उचलत. बारा-साडेबाराला मोपेडचा आवाज आला की सगळं शांत.

मी एकदा त्यांना म्हणालो, "वहिनी, तुम्ही भाऊंसमोर का गात नाही?"

त्या हसल्या. "अहो, ह्यांच्यासमोर गायचं म्हणजे शिंप्यासमोर उसवलेलं पोलकं घालून उभं राहायचं. त्याचा तरी काय दोष? त्याला तेवढंच दिसणार."

पुढे पेट्यांचं काम कमी झालं. नवरात्रातले गरबे गल्ल्यांमधून मोठमोठ्या मैदानांवर गेले आणि तिथे कीबोर्ड आले. एका वर्षी भाऊ मला घेऊन असा एक गरबा बघायला गेले. गायिकेला पट्टी झेपेना, तेव्हा कीबोर्डवाल्याने एक बटण दाबलं आणि सगळं संगीत अर्ध्या सुराने खाली आलं. भाऊ तिथेच थांबले. मागून लोक ढकलत होते, तरी हलेनात.

"ग्रंथपाल, बघितलंत? बटण दाबलं आणि सा हलला." घरी येईपर्यंत ते पुन्हा पुन्हा तेच म्हणत होते. "माझ्या वडिलांचं आयुष्य गेलं हो सा हलवण्यात."

मला वाटलं ते खचले आहेत. पण त्यांना भुरळ पडली होती. दिवाळीला मुलगा समीर बंगळूरहून आला तेव्हा भाऊंनी त्याचा जुना लॅपटॉप मागून घेतला. समीरच्या कंपनीने टाकून दिलेला तो. बॅटरी मेलेली, त्यामुळे वायर हलली की बंद. वरच्या कोपऱ्यातली दोन बटणं गायब. सुरू व्हायला एवढा वेळ घ्यायचा की भाऊ त्याला चालू करून अंघोळीला जात.

संगीताचं सॉफ्टवेअर त्यांना गल्लीच्या तोंडाशी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या हितेशभाईंनी घालून दिलं आणि दुसऱ्या दिवसापासून पस्तावले. भाऊ रोज जात.

"हितेशभाई, पाचवं वाद्य घातलं की तो अडखळतो."

"काका, आ तो बळदगाडुं छे. एमां तमे आखी जान बेसाडो छो!"

बैलगाडीत अख्खी वरात. भाऊंना ते फार आवडलं. महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते. पण गाडी त्यांनी सोडली नाही. एका मोडक्या पेटीच्या सांगाड्यावर लॅपटॉप ठेवला, म्हणजे खालून वारा लागेल. शेजारी टेबलफॅन. काम चालू असताना घरात मिक्सर लावायचा नाही, इस्त्री करायची नाही, कारण वीज दबली की यंत्र बंद. वहिनी चटणी पाट्यावर वाटायला लागल्या. "सवत आली आहे घरात," आईला सांगत, "आणि तिला मिक्सर सोसत नाही."

त्या यंत्रावर काम करायची भाऊंची एक पद्धत होती. तंबोऱ्याची एकेक तार त्यांनी स्वतः माइक लावून आत घेतली होती, पेटीचा एकेक सूर घेतला होता. यंत्राला एका वेळी चारच पदर झेपायचे. म्हणून चार झाले की भाऊ त्यांचा मिळून एक करायचे, आणि आधीचे चार पुसून टाकायचे, कारण ठेवायला जागा नव्हती. "चार माणसांचं बिऱ्हाड आहे," ते मला समजावून सांगत, "पाचवा यायचा तर आधीच्यांनी एका पांघरुणात झोपायचं." एकदा एक केलेलं पुन्हा सुटं करता येत नसे. माझ्यासारख्याला त्याची भीती वाटली असती. मी ग्रंथालयातला माणूस. आम्ही नवी आवृत्ती आली तरी जुनी ठेवतो. भाऊंना भीती वाटत नव्हती. सूर लावणारा माणूस बेसूर काही जपून ठेवत नाही. त्याच्या लेखी ते अर्धवट काम असतं.

असं करत करत त्यांनी दोन वर्षांत काही खरोखर चांगल्या गोष्टी केल्या. बडोद्याच्याच हरणी भागातल्या एका भजनी मंडळाला तंबोऱ्याची सीडी करून दिली. ती ऐकून तिथली म्हातारी माणसं तंबोरा कोण वाजवतंय म्हणून विचारत होती. भाऊ त्या दिवशी पेढे घेऊन आले.

मग वहिनी गेल्या. ऑगस्टमध्ये ताप आला, रुग्णालयात नेलं, आणि नवव्या दिवशी सगळं संपलं. भाऊ रडले नाहीत. यंत्र मात्र तेरा दिवस झाकून ठेवलेलं होतं.

चौदाव्या दिवशी त्यांची मुलगी वर्षा मला ओट्यावर भेटली. ती डभोईला दिलेली. नवऱ्याचं तिथे बियाण्यांचं दुकान. तिच्या हातात एक कॅसेट होती. तिचा मुलगा तान्हा असताना आजीच्या आवाजाशिवाय झोपत नसे, म्हणून वहिनींनी भाऊ दुकानात असताना टेपरेकॉर्डरवर त्याच्यासाठी गाणी भरली होती आणि डभोईच्या बसने जाणाऱ्या कोणाच्या तरी हाती पाठवली होती. सगळी मिळून अकरा मिनिटं. दोन पाळणे, एक भोंडल्याचं गाणं, आणि शेवटी स्वतः रचलेलं, अर्धं गुजराती अर्धं मराठी अंगाईगीत, 'सुई जा' म्हणजे झोपी जा, असं सुरू होणारं. भाऊंना या कॅसेटचा पत्ताच नव्हता.

"फीत चिकटायला लागलीय," वर्षा म्हणाली. "बाबांना म्हटलंय सीडीवर उतरवून द्या. काका, आईचा आवाज एवढाच आहे. दुसरा कुठेच नाही. जरा लक्ष ठेवाल ना?"

मी हो म्हणालो. आज ते 'हो' मला बोचतं.

भाऊंनी अकरा मिनिटं यंत्रात घेतली ती एका सकाळी, दहाच्या सुमाराला. मी भिंतीपलीकडे होतो. वहिनींचा आवाज आला आणि माझ्या हातातलं पुस्तक खाली पडलं. ओळीच्या शेवटी तो तसाच खाली बसला. मग थांबला. तीच ओळ पुन्हा. पुन्हा थांबला. असं दुपारपर्यंत चाललं. मला वाटलं, माणूस दुःख करतो आहे. दुःख करत असलेल्या माणसाच्या घरात आपण कसं जायचं?

ते दुरुस्ती करत होते.

हे मला दिवाळीनंतर कळलं, तेही त्यांनीच आनंदाने सांगितलं म्हणून. पडद्यावर वहिनींच्या आवाजाची एक वेडीवाकडी रेघ होती. भाऊ तिचा नखाएवढा तुकडा निवडत, मोजत, वर सरकवत. एका सुराचे शंभर भाग केले तर वहिनींचा गंधार, म्हणजे सारेगमतला ग, बावीस भाग खाली लागायचा. भाऊंनी तो प्रत्येक ठिकाणी वर आणला होता. एक तुकडा सरकवला की यंत्र पाच-पाच मिनिटं घरघरत बसे. तेवढ्यात ते देवाला फूल वाहून येत.

"बिचारीचा आवाज चांगला होता हो," ते म्हणाले. "सुरात आणून देणारं कोणी नव्हतं. आता बघा."

मी तेव्हा काहीतरी बोलायला हवं होतं. मूळ वेगळं ठेवलंय ना, एवढं विचारलं असतं तरी पुरे होतं. पण वहिनी गेल्यापासून त्यांचा चेहरा पहिल्यांदाच उजळलेला होता. मी म्हणालो, "वा."

वर्षश्राद्धाच्या दिवशी जेवणं झाल्यावर भाऊंनी वर्षाला समोर बसवलं. तिच्या घरी सीडीचं यंत्र नव्हतं, म्हणून त्यांनी नवं गाणं सीडीवर तर घेतलं होतंच, शिवाय तिच्याच कॅसेटवर परत भरलं होतं. टेप सुरू झाला. मागे तंबोरा, हलकी पेटी, आणि एका बाईचा स्वच्छ, सरळ आवाज. एकही सूर हललेला नाही. शब्द वहिनींचे, पण ओळ संपली की तो आवाज जिथल्या तिथे उभा राहायचा आणि पुढच्या ओळीला लागायचा.

वर्षा ऐकत होती. मग म्हणाली, "बाबा, हे कोण गातंय?"

भाऊ हसले. त्यांना ती दाद वाटली. "तुझी आई!"

"नाही."

"अगं तीच. शब्द ऐक."

"मधे आई खोकली होती ते कुठंय? भाजीवाला आला होता, ती उठून गेली होती."

"ते काढलं. लय तुटत होती."

"ते पण काढलंत?" तिचा आवाज चढला. "बरं, मूळ द्या मला. आधीचं."

भाऊ यंत्राकडे बघायला लागले. "आधीचं म्हणजे... प्रत्येक दुरुस्तीनंतर मी ते... जागा नसते गं त्याच्यात."

"मग कॅसेट?"

कॅसेट तर समोर फिरत होती, आणि तिच्यातून ती कोण ती बाई गात होती.

वर्षा ओरडली नाही. तिने मुलाच्या चपला शोधल्या. दारात मला पाहून थांबली आणि हळू आवाजात म्हणाली, "आयुष्यभर तिला गप्प बसवलं. उरली होती तेवढीही बसवली." हे भाऊंना ऐकू गेलं. त्यांना सगळंच ऐकू जायचं.

त्यानंतर तिने त्यांचे फोन घेतले नाहीत. तीन दिवस मोपेड हलली नाही. चौथ्या दिवशी हितेशभाई येऊन यंत्र उघडून बसले, पुसलेलं काही परत मिळतं का ते बघायला. दुपारभर खटपट करून उठले. "काका, उपर बहु लखाई गयुं छे," एवढंच म्हणाले. त्यावर पुन्हा पुन्हा इतकं लिहिलं गेलं होतं की खालचं काही उरलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी बैलगाडीची थट्टा केली नाही.

भाऊ मग उलटं काम करायला लागले. भिंतीतून मला ते ऐकू यायचं. तीच स्वच्छ ओळ, आणि तिच्यात एखादाच सूर खाली ढकललेला. थांबणं. घरघर. पुन्हा तीच ओळ. दुकान बंदच झालं. जेवण सुटलं होतं. आई डबा पाठवायची, तो संध्याकाळी तसाच परत यायचा. मी एकदा म्हणालो, "भाऊ, वर्षाला भेटून या. डभोई कितीशी लांब आहे?" ते म्हणाले, "हातात काय घेऊन जाऊ?"

त्यांचं अचानक झालं, फेब्रुवारीत, झोपेत. वर्षा आली, सगळं केलं तिने. जाताना तो लॅपटॉप चादरीत गुंडाळून डभोईला घेऊन गेली. तिने तो उघडला का, त्यात काय निघालं, मी विचारलेलं नाही.

ते जाण्याआधी तीन आठवडे, उत्तरायण होऊन गेल्यावरची एक सकाळ. तारांवर पतंग अडकलेले होते. भाऊंनी भिंतीवर ठोकलं. असं त्यांनी कधी केलं नव्हतं. मी गेलो तर ते यंत्रासमोर शाल घेऊन बसलेले. खूप वाळले होते.

"बसा. गंधार मी परत खाली आणला," ते म्हणाले. "बावीस भाग. निषादही आणला. जिथे जिथे ती चुकायची, ते मला सगळं पाठ आहे."

त्यांनी लावून दाखवलं. त्या वहिनी नव्हत्या. मी पडद्यावरच्या रेघेकडे बघत राहिलो, तेवढ्यावरून त्यांना कळलं असावं.

"मधलं येत नाही," ते म्हणाले. "दोन चुकांच्या मधे ती कशी गायची, ते मला आठवत नाही ग्रंथपाल. तीस वर्षं एका घरात काढली. बरोबर असेल तेव्हा मी ऐकतच नव्हतो बहुतेक." मग म्हणाले, "तुम्ही ऐकलंय. सकाळी तुम्ही घरी असायचात. मला ठाऊक होतं ती गाते ते. शेवटचं ते अंगाईगीत म्हणून दाखवा."

"भाऊ, मी? मला सा कुठला ते कळत नाही."

"माहीत आहे. म्हणा."

त्यांनी माइक माझ्यासमोर सरकवला. त्यांची बोटं वायरशी अडखळत होती. मी मदत करायला हात पुढे केला, तो त्यांनी बाजूला केला. मी पन्नाशीचा माणूस, आयुष्यात चार लोकांसमोर तोंड उघडलं नव्हतं. डोळे मिटून मी भिंतीपलीकडची ती सकाळ आठवायचा प्रयत्न केला.

"सुई जा रे सोनू, दार लावलं वाऱ्यानं..."

माझा आवाज दुसऱ्याच शब्दाला फुटला आणि कुठल्या कुठे गेला. भाऊंनी मान वर केली नाही. मी ओळीचा शेवट खाली टेकवला, वहिनी टेकवायच्या तसा, किंवा तशा टेकवायच्या असं मला वाटत होतं तसा. पुढची ओळ म्हटली. तिच्यातलं किती त्यांचं होतं आणि किती इतक्या वर्षांत माझ्याच मनाने घातलेलं, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं आणि आजही येत नाही. भाऊंनी ते विचारलं नाही. इतकं बेसूर गाणं त्यांच्यासमोर कोणी पुरं केलं नसेल. हात मांडीवर उघडे ठेवून ते ऐकत राहिले, आणि मी थांबलो तेव्हा एवढंच म्हणाले,

"अजून आहे का?"